एकतारीकाका

रसाचा नमुना हाती आला की एकतारीकाका आधी तो दोन बोटांत ताणून बघत, पाकाची तार बघतात तसा. सूक्ष्मदर्शक नंतर. बीटच्या रसाला तार आली म्हणजे जंतूंनी साखर खाऊन बुळबुळीत चिकटा केला, हे त्यांना बोटांनीच कळे. जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या आमच्या लहानशा लॅबमध्ये सगळे त्यांना ‘तारवाले काकाजी’ म्हणत. एकतारीकाका हे मी ठेवलेलं नाव.

काका सांगलीचे, उसाच्या कारखान्यांत मुरलेले. मी बदली होऊन इकडे आलेल्या बँकवाल्यांची मुलगी, जयपुरातच वाढलेली. मी ‘मतलब’ म्हटलं की ते मान वर न करता ‘म्हणजे’ म्हणत, आणि मी सुधारून बोलेपर्यंत पुढचं ऐकत नसत.

उत्तरेकडच्या एका साखर कारखान्याचे नमुने आमच्याकडे येत. तिथे बीटच्या चकत्या गरम पाण्यात मुरवून रस काढत. पाणी सत्तर अंशांखाली गेलं की जंतू माजतात, रस आंबतो. त्या हंगामात इंधन वाचवायला पाणी कोमट ठेवलं होतं, टाकीची सफाई लांबवली होती आणि जंतू मारायला नुसतं फॉर्मॅलिन ओतणं चाललं होतं. ते ओतणारे रामलालजी एकदा स्वतःच नमुने घेऊन आले. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे लालभडक, सुजलेले.

“आदत पड़ जाएगी, साहब,” ते म्हणाले.

“डोळ्यांना कसली सवय?” काका माझ्यावरच ओरडले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कारखान्यावर. काकांनी काम थांबवून टाकी उघडायला लावली. आत बोटभर जाड चिकटा! धुऊन, हवा खेळू दिल्यावर पासष्टीचे काका स्वतः घासायला उतरले. मग पाणी नीट तापवलं. दोन दिवसांत आंबटपणा उतरला, फॉर्मॅलिन जवळजवळ लागलंच नाही.

जयपुरातच झालाना भागात कारखान्याच्या कंपनीचं ऑफिस होतं; तिथल्या बड्या साहेबांनी मात्र काकांचा अहवाल पुढे सरकवला. “फॉर्मॅलिन का ज़िक्र हटाकर साइन कर दीजिए, काकाजी.”

“जंतु रिपोर्ट नहीं पढ़ते, भाईसाहब,” काका म्हणाले आणि उठले.

आठवड्याभरात लॅबच्या मालकांनी त्यांना घरी बसवलं. अहवाल दुसऱ्याच्या सहीने गेला. पाणी पुन्हा कोमट झालं. आणि कंपनीच्या पत्रिकेत टाकी सफाईच्या ‘नव्या पद्धतीचे जनक’ म्हणून फोटो कोणाचा? त्याच साहेबांचा! ज्यांनी टाकीत कधी डोकावूनसुद्धा पाहिलं नव्हतं!

काका सांगलीला निघाले तेव्हा स्टेशनवर मला रडू आवरेना. “रडतेस काय? माझ्या नोंदींच्या नकला आहेत ना तुझ्याकडे?” ते म्हणाले.

त्या नकला घेऊन मी आणि रामलालजी कामगार खात्यात गेलो. तीन हेलपाट्यांनंतर तपासणी झाली. आता तिथे पाणी तापतं, टाकी घासली जाते. रामलालजींचा उजवा डोळा मात्र कायमचा धूसर झाला, आणि साहेबांना बढती मिळाली.

काकांचा अजून फोन येतो. “राग गेला का गं?”

“नाही.”

“बरं झालं,” म्हणतात.