मागे राहिलेल्याची पात

आमच्या वडिवळ्याहून इंग्लंडला निघाले तेव्हा जीपचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि भाऊ, म्हणजे माझे वडील, खिडकी सोडायला तयार नव्हते. "तितं तरी पर्मनंट हाय का?" त्यांनी विचारलं. "होईल, भाऊ," मी म्हटलं. तोवर वडगावकडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायचे. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही या धास्तीनं घास उतरायचा नाही. तिथल्या स्टाफरूममधल्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

आता मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात आहे, आणि नशिबाची थट्टा बघा, कामही तेच मिळालं: शिकवणारी माणसं निवडायची, तयार करायची, कुणाला पुढच्या वर्षी ठेवायचं ते विभागप्रमुखांबरोबर ठरवायचं. मी पर्मनंट झाले, धास्ती काही गेली नाही. ऑफिसचा मेल आला की आधी शेवटची ओळ वाचते. इथं काढून टाकतात तेही गोड बोलून.

या टर्मला ग्रेसचा प्रश्न आला. नैरोबीहून आलेली टेम्पररी लेक्चरर. विषय पक्का, पण मोठ्या वर्गासमोर आवाज कापतो. विद्यार्थ्यांनी तक्रार केली. विभागप्रमुख म्हणाले, स्लो आहे, दुसरं कुणी बघू. त्याच दुपारी कँटीनमध्ये ग्रेसनं विचारलं, पुढच्या वर्षी मी असेन ना? तिच्या चेहऱ्यावर मला माझा जून दिसला. चहा तसाच राहिला.

आमच्या वस्तीत भातकापणी सावडीनं होते. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. जो तो आपली पात धरतो, म्हणजे पुढ्यातली पट्टी कापत जातो. पहिल्यांदा विळा धरला तेव्हा मी पार मागं पडले, रडकुंडीला आले. वर पाहिलं तर बांधाला पोचलेल्या बायका उलट फिरून माझीच पात कापत येत होत्या. आई म्हणायची, "मागल्याची पात ऱ्हायली तर वावर झालं म्हणत न्हाईत."

विभागप्रमुखांबरोबरच्या मीटिंगमध्ये मी तेच त्यांच्या भाषेत मांडलं. ही टर्म मी तिच्या वर्गात बसते, तिच्याबरोबर तयारी करते, मग ठरवा. विभागप्रमुख कबूल झाले, पण नाही जमलं तर जबाबदारी तुमची, म्हणाले. बाहेर आले. आणि मग लक्षात आलं, हे सगळं नेमकं दिवाळीच्या आसपास, कापणीच्या दिवसांत. माझं गावी जायचं तिकीट काढून झालं होतं. आईचे गुडघे धरलेत, यंदा मी येते असं सांगून बसले होते.

फोन लावला. "जय भीम," भाऊ म्हणाले, आणि लगेच नेहमीचं, "नोकरी हाय ना?" हाय म्हटलं, पण मला येता येत नाही, आणि सगळं सांगितलं. आईनं फोन घेतला.  मला वाटलं, आता रागावेल.

"हितं बाया लय हायेत," ती म्हणाली. "त्या पोरीला तितं कोण हाय? तिची पात काढ आदी."

तिकीट रद्द करताना रडू आलं, ते आलंच. पूर्वी घर म्हणजे वडिवळं, एवढंच होतं. आता वाटतं, बांधावरून कुणीतरी आपल्याकडे उलट फिरतं, ते घर.

सोमवारी ग्रेसच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिचा आवाज कापत होता. मध्येच ती अडखळली आणि तिनं वर पाहिलं. मी होते.