गाडी चोरण्याआधी पंचशील

त्या खेळाचा मला राग होता आणि अजून आहे. मुलगा म्हणतो, आता तरी सोडा बाबा. मी का सोडू? पंचशील मोडायला वाईटातल्या वाईट माणसालाही काही वर्षं लागतात. त्या खेळात पाच मिनिटांत पाचही शीलं धुळीला मिळत. माणूस मारा, गाडी चोरा, खोटं बोला, नशेचा माल इकडचा तिकडे पोचवा. तिसरं शील व्यभिचाराचं, त्याचं काय होतं ते मी विचारलं नाही, आणि मुलांनीही शहाण्यासारखं सांगितलं नाही.

तेव्हा शतक संपत आलं होतं. मी आदिलाबादला सरकारी शाळेत मराठीचा मास्तर होतो. आमच्या आधीच्या पिढ्यांनी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. शाळेनं मला खुर्चीवर बसवलं. पुढच्या पोरांना कॉम्प्युटर बसवील, असं मला मनापासून वाटे. म्हणून मुलानं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला, तेव्हा मीच मेणबत्ती लावली, बुद्धमूर्तीला फुलं वाहिली आणि वस्तीतल्या पोरांकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतलं. आमच्यात कुठल्याही कामाची सुरुवात अशीच होते.

थोड्याच दिवसांत मुलानं हैदराबादहून एक सीडी आणली आणि माझ्या क्लासचा अड्डा झाला.

पडद्यावर शहर असायचं, घारीला वरून दिसावं तसं. घरांची छपरं, रस्ते, आगपेट्यांएवढ्या गाड्या. त्यात आपला एक माणूस. त्यानं रस्त्यातली कुठलीही गाडी थांबवायची, चालवणाऱ्याला ओढून फेकायचं, आत बसायचं आणि निघायचं. माणसं चिरडली तर गुण वाढत! मी तीस-बत्तीस वर्षं वह्या तपासल्या, पण असे गुण कुठल्या मास्तरानं दिलेले पाहिले नाहीत. पोलीस मागे लागले की भोंगा वाजे आणि पोरं चेकाळत. पकडलं गेलं तरी बिघडत नसे. क्षणात हा पठ्ठ्या ठाण्याच्या दारात पुन्हा मोकळा उभा.

"बाबा, खेळाच्या ओढीनं येतात, मग शिकायलाही बसतात," मुलगा म्हणाला.

"दारूच्या ओढीनं येणाऱ्याला तू काय शिकवशील?" मी विचारलं.

खेळ बंद करा म्हटलं तर क्लास रिकामा होणार, म्हणून मी एक नियम काढला. यंत्राला हात लावण्याआधी प्रत्येकानं उभं राहून मोठ्यानं पंचशील म्हणायचं. मला वाटलं, तोंडानं म्हणताना तरी लाज वाटेल. कसली लाज! पोरं हात जोडून, डोळे मिटून, खणखणीत पाली म्हणत आणि दुसऱ्या मिनिटाला गाडीवाल्याला रस्त्यावर फेकत. वांकिडीकडून शिकायला आलेला एक पाटलाचा मुलगा होता, त्यालाही आठवड्यात सगळं पाठ झालं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण उच्चार मी कधी चुकू दिला नाही, चुकला की कान धरत असे.

या सगळ्यांत माझा भाचा पुढे. बहिणीचा एकुलता एक, बाप लहानपणीच गेलेला, गाव इंद्रवेल्लीजवळ. एका सरकारी दफ्तरातल्या जागेची लेखी परीक्षा तो पास झाला होता. राहिली होती कॉम्प्युटरवरची टायपिंगची चाचणी. ती झाली की बहिणीची मजुरी सुटणार होती, म्हणून मी त्याला घरी ठेवून घेतलं होतं. तो सकाळी टायपिंग करी, नाही असं नाही, पण दुपारभर गाड्या चोरी. त्याला पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"काय ठेवलंय रे त्यात?" एकदा मी चिडून विचारलं.

"तुमीच बसून पाहा ना, मामा."

बसलो. शत्रू ओळखून घ्यावा म्हणून बसलो. माझा माणूस मी फुटपाथवरून चालवू लागलो. चौकात लाल दिवा होता, तिथं उभा राहिलो.

"मामा, थांबून काऊन राह्यले? घ्या ना कोनाचीबी गाडी."

"कोणाचीही कशी घेऊ? तो बसलाय ना तिच्यात!"

खोलीभर हसू फुटलं. मी हिरव्या दिव्याची वाट बघत होतो, तेवढ्यात एक मोटार अंगावरून गेली आणि मी मेलो. नियम पाळताना मेलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुन्हा बसलो तेव्हा मात्र नुसता चालत सुटलो. एक गल्ली, दुसरी गल्ली, पूल, पुन्हा गल्ली. कोणी हटकलं नाही. आमच्या गावात काही गल्ल्यांतून माझा बाप वहाणा हातात घेऊन जात असे, आणि मी मास्तर झाल्यावरसुद्धा तिथं सायकलवरून उतरत असे. पायच उतरत, मी काही ठरवत नव्हतो. या चोरांच्या शहरात कोणी विचारत नव्हतं, कोणाचा तू, इकडं कशाला आलास. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाच इतका संताप आला की उठून मी पोरांना शुद्धलेखन घातलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी वैशाख पौर्णिमा होती. त्या दिवशी बाहेरगावी शिकणारा, नोकरी करणारा प्रत्येक पोरगा गावी जातो, सगळी वस्ती एकत्र खीर खाते. भाचाही गेला. सकाळच्या पहिल्या बसनं निघतो, दहाच्या आत पोचतो म्हणाला.

मी दफ्तराच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दहा वाजले. पोरं एकेक करून आत गेली. फाटक लागलं. मी आणखी थांबलो, वेड्यासारखा. पहारेकरी म्हणाला, "साब, अब कोई नहीं जाता अंदर." उन्हानं डोकं फुटायची वेळ आली, तेव्हा दुपारी घरी आलो, आणि अंगणातूनच तो भोंगा ऐकू आला.

भाचा पाठमोरा बसला होता. पडद्यावर गाडी पळत होती, मागे पोलीस.

मी काही विचारलं नाही. भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला.

"परीक्षा बुडवून गाड्या चोरतोस? आई तिकडं उन्हात मरतेय आणि तू हा नंगानाच करतोस? नालायका!"

तो वळला नाही. मुलगा आतून धावत आला. "बाबा, थांबा. बसमधून उतरवलं होतं त्याला."

तेव्हा मला त्याची पँट दिसली. नवी पँट, परीक्षेसाठी शिवलेली. दोन्ही गुडघ्यांवर माती होती.

रस्त्यातल्या नाक्यावर बस थांबवली होती. त्या वर्षांत नक्षलवाद्यांच्या शोधात जंगलाकडून येणारी बस थांबवणं, झडती घेणं हे रोजचंच होतं. एक शिपाई आत चढला आणि तरण्या पोरांना विचारत गेला, कहाँ से आ रहा? भाच्याच्या पुढच्या बाकावर त्याच्याच गावची दोन पोरं होती. ती म्हणाली, आदिलाबादचे आहोत, पाव्हण्यांकडं गेलो होतो. शिपाई पुढे सरकला. भाच्यानं खरं गाव सांगितलं.

"खरं काऊन सांगितलं रे?" मी विचारलं. माझ्या तोंडून आमची जुनी बोली निघाली. आणि काय विचारलं ते माझं मलाच ऐकू आलं.

"मुसावादा वेरमणी म्हनते ना तुमी." तो अजून काळ्या पडद्याकडेच पाहत होता. "परीक्षेचा कागद दाखवला, मामा. तो खिशात घातला त्याईनं. मंग रस्त्याच्या कडंला गुडघ्यावर बसवलं. बस निंगून गेली. बारा वाजता म्हनले, जा."

"केलं काय होतंस तू?" माझं तोंड थांबत नव्हतं.

आता तो वळला. डोळे कोरडे होते.

"काईच नाई. म्हनून तर येऊन हे खेळून राह्यलो. याच्यात काई केल्यावरच पोलीस मागं लागते."

वायर माझ्या हातात होती. ती फेकावी की पुन्हा लावावी, मला कळेना. मुलानं ती माझ्या हातातून घेतली आणि गुंडाळून ठेवली.

मी दुसऱ्या दिवशी त्या दफ्तरात गेलो, अर्ज घेऊन, माझी मास्तरकी घेऊन. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागद कुठे आहे असं विचारलं. बहीण त्या हंगामातही कापूस वेचायला गेली.

त्या खेळावरचा माझा राग तसूभर कमी झाला नाही. माणूस चिरडून गुण मिळवायचा खेळ तो. त्याला चांगलं म्हणायला मी मेलो तरी तयार होणार नाही. फक्त त्या दिवसानंतर एकट्या त्याच्यावर रागावणं मला जमेना.

चार दिवसांनी क्लास पुन्हा भरला. नियमाप्रमाणे पोरं उभी राहिली, हात जोडले. भाचा दाराजवळ होता. पहिलं शील त्यानं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथ्याला, मुसावादाला, त्यानं तोंड मिटून घेतलं. पाचव्याला पुन्हा सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळला.

एक अक्षर चुकलं तरी कान धरणारा मी. मेणबत्तीचं मेण सांडत होतं, ते नखानं खरवडत बसलो.