तिच्या हातचं लोणचं

शहापुरात आमच्या मागच्या घरात राहणारी बाई उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्यांच्या लोणच्याला मदत करते, पण लोणच्याला हात लावत नाही. कैऱ्या धुते, अडकित्त्याने भराभर फोडते, मोहरी कुटून देते. मीठ-मसाला कालवायची वेळ आली की पदराला हात पुसत दारात जाऊन बसते.

"माझा हात नको गो ताई, नासतंय."

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने घातलेल्या लोणच्याला बुरशी आली आणि सासू तसं बोलली. ती सासू जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. मी आधी वाद घालायचे, बरणी ओली असेल, मीठ कमी पडलं असेल. "असंल," म्हणायची आणि दारातच बसून राहायची. शेवटी मीच कंटाळले.

गेल्या उन्हाळ्यात अडकित्त्यात माझं बोट सापडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. फारच गळ घातली तेव्हा तिने लोणचं कालवलं, तेही तोंड दुसरीकडे फिरवून.

परवा त्याच बरणीतली एक फोड मी तिच्या हातावर ठेवली.

"वर्ष झालं. हे तुम्हीच कालवलेलं."

तिने ती चोखून चोखून खाल्ली, कोय तेवढी बाजूला ठेवली.

"चांगलं झालंय गो."

मला वाटलं, सुटली एकदाची. मी झाकण लावायला घेतलं, तशी ती बरणीकडे बघत उठली.

"आता जास्त दिस ठेवू नका ताई. लवकर संपवून टाका."