निघताना हातावर दही

काकूंचा हात मध्येच थांबला. चमच्यात दही-साखर होती, खाली माझा तळवा पसरलेला होता, आणि हात थांबला.

उलव्यात मुग्धाच्या फ्लॅटच्या दारात आम्ही उभ्या होतो. मुग्धा, कीर्ती आणि मी. बेलापूरच्या एकाच ऑफिसातल्या, आठ वर्षं एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या. व्हिएन्नाला जायचं किती दिवस घोकत होतो, शेवटी निघालो होतो. बॅगा लिफ्टपाशी लावलेल्या. गाडी खाली आलेली. लांबच्या प्रवासाला निघताना हातावर दही घ्यायचं, म्हणून काकूंनी, मुग्धाच्या आईने, आम्हाला ओळीने उभं केलं होतं.

मुग्धाच्या हातावर दही पडलं. कीर्तीच्या हातावर पडलं. माझ्याकडे वळता वळता काकूंनी सहज विचारलं, एवढी सातासमुद्रापार निघालीस, कुलदैवताला नारळ फोडलास की नाही? मीही सहजच सांगितलं.

"आमच्यात नसतं काकू ते. आईने सकाळी बुद्धवंदना घेतली."

हात थांबला तो तेव्हा. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

"अगंबाई. मुग्धा कधी बोलली नाही."

चमचा वाटीत ठेवून त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात कागदी कप होता, तळाशी थोडं दही. कप त्यांनी चपलांच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाल्या, यातूनच घे हं, हात चिकट होतील. बाकीच्या दोघींचे हात चिकटच होते. त्यांच्या हातांची कुणाला काळजी नव्हती.

आणि मी ते खाल्लं. वर थँक्यू म्हणाले. माझाच मला राग येतो अजून. मुग्धाने सगळं पाहिलं होतं. ती मोबाइलमध्ये डोकं घालून ड्रायव्हर कुठे उभा आहे ते बघत बसली.

गाडी समुद्रावरच्या पुलावर चढली. दोन्ही बाजूंना पाणी, समोर धुरकट. मुंबई दिसतच नव्हती. अर्ध्या पुलावर काकूंचा फोन आला. मुग्धा खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात बोलली. "हो गं. बघते मी. तिकडे पोचल्यावर सांगते तिला." फोन ठेवून ती एकदम मोठ्याने हसली आणि सेल्फी काढू या म्हणाली. फोटोत मीही हसले. तिला म्हणजे कुणाला, हे विचारायची गरज नव्हती.

माझे आबा साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे. तिथे एक गाळेवाला होता. बाकीच्या हमालांना ग्लास द्यायचा, आबांना मात्र ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतायचा. एकदा मलाही तसंच पाजलं. फ्रॉक भिजला. घरी येताना मी रडत होते तर आबा म्हणाले, "गप ऱ्हायचं. आपल्याला शिकायचंय, भांडायचं न्हाय." शिकले. नोकरी लागली, कामोठ्यात फ्लॅट झाला. शिकलं की हे संपतं असं आबांना वाटायचं. मलाही वाटायचं. काय मूर्ख होतो आम्ही.

विमानात मुग्धा डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती, पापण्या हलत होत्या. मध्ये विमान बदलायला उतरलो तिथे ती पुन्हा फोन घेऊन लांब गेली, कीर्तीलाही बोलावून घेतलं. दोघी खांबाआड उभ्या राहून बोलत होत्या आणि मी तिघींच्या बॅगा सांभाळत बसले होते. कीर्ती परत आल्यावर मी विचारलं, काय चाललंय? काही नाही गं, टेन्शन नको घेऊ, म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. तेव्हाच कळलं, पोचल्यावर काहीतरी होणार.

झालं. भाड्याचा फ्लॅट छान होता, स्वच्छ ओटा, मोठी खिडकी. मी आंघोळ करून बाहेर आले तर मुग्धाने शेगडीवरची फळी पुसून तिच्यावर रुमाल अंथरला होता आणि आईने दिलेली पितळी अन्नपूर्णा मांडली होती. इथल्या भांड्यांत काय काय शिजलं असेल म्हणून घरून स्टीलची ताटं आणली होती. मांडली मात्र दोनच. शेजारी कागदी प्लेटांचा नवा गठ्ठा, माझ्यासाठी.

माझ्याकडे पाठ करूनच ती बोलली. "आईला शब्द दिलाय गं मी. तू ओट्याशी येऊ नकोस. आम्ही तुला वाढून देत जाऊ. देव ठेवलेत ना इथे."

पुढे भराभर काय काय बोलत राहिली. तुझीच मजा आहे, काही काम नाही, नुसतं बसून खायचं, महाराणीसारखं.

"माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तू बोटं चाटून खातेस," मी म्हणाले.

"ऑफिसचं वेगळं असतं."

म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. ऑफिसात मी मैत्रीण, आणि चूल आली की मी कोण? कीर्ती पुटपुटली, पहिल्याच दिवशी वाद नको ना. मी तिला विचारलं, दुसरं ताट तुझं ना?

मी बॅग उचलली. दारापर्यंत गेले. कुठल्याही हॉटेलात खोली मिळाली असती. कडीला हात लावला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मी का जायचं? चूक यांची, आणि अनोळखी गावात रस्त्यावर मी? आबा आयुष्यभर गप्प राहिले ते माझ्यासाठी. मी कुणासाठी गप्प राहायचं?

बॅग खाली ठेवली. ओट्याशी गेले. हात धुतले, मुग्धाने घरून आणलेली कणकेची पिशवी फोडली, परातीएवढ्या भांड्यात ओतली आणि मळायला घेतली.

मुग्धा पांढरी पडली. "अगं, आता आम्ही काय खायचं?"

"पोळ्या मी करणार. चालत असेल तर बस. नसेल तर बाहेर जा, शहर मोठं आहे."

तिने आईला फोन लावला. लहान पोरीसारखी हुंदके देत सांगत होती. मी पिठाच्या हातानेच तिच्या हातातला फोन घेतला. "काकू, कणीक मी मळलीय. तुमच्या अन्नपूर्णेसमोर मळलीय. तिने काही तक्रार केली नाही." काकूंनी फोन कट केला.

पोळ्या केल्या. स्टीलचं ताट घेतलं, टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसले आणि पोटभर जेवले. मुग्धा आतल्या खोलीत दार लावून बसली होती. कीर्ती दारात उभी राहून पोळ्यांकडे बघत होती. मी तिला बोलावलं नाही. यापुढे कुणालाच बोलावणार नाही, कुणाची समजूत काढणार नाही, आणि कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प तर मुळीच बसणार नाही. ज्याला माझा हात चालत नाही, त्याने उपाशी उठावं. मी उठणार नाही.