अक्काच्या फोनमधली जागा

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यात सर्वांत मोठा हात माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. वणीच्या पुढे डोंगरात आमचं गाव आहे आणि तिथे ती अंगणवाडी चालवते. मी शिकावं म्हणून बारावीनंतर तिने स्वतःचं शिक्षण थांबवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो तिच्या जिवावर. आता मी सातपूरला एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करतो. पण गावाकडे शिकलेला माणूस म्हणजे फोन नीट करणारा माणूस, असा समज आहे. कुणाचाही फोन अडला की तो एसटीने माझ्याकडे येतो. या कामाचा मला कंटाळा आहे. गावात हे मी कधी बोललेलो नाही.

थंडीतली गोष्ट. त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. सकाळी घरी आलो, तर अक्का दारात चपला काढत होती. तिने रुमालात गुंडाळलेला फोन माझ्या हातात ठेवला. तो माझाच जुना फोन. नवा घेतला तेव्हा मी तिला दिला होता.

"भाऊ, हा मेला बघ. उघडला की पांढरा पडतो न बंद होतो. आत पोरांची वजनं अडकलीत."

"वन्सं, आधी चहा घ्या," बायको आतून म्हणाली. "तो काय पळून जाणारे का? धड चालत पण नाही."

अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाचं दर महिन्याचं वजन त्या फोनमध्ये भरायचं असतं. आमच्या गावात रेंज नाही. त्यामुळे नोंदी फोनमध्येच साठून राहतात आणि रेंजमध्ये गेल्यावर पुढे जातात. या वेळी फोन इतका भरला होता की ते ॲप उघडेचना. वजनं अक्काच्या वहीतही होती, पण नोंद मुलाच्या फोटोसकट लागते, असं तिला सांगितलेलं होतं. आणि निम्मी मुलं आता गावात नव्हती. आईबाप त्यांना घेऊन निफाडकडे द्राक्षांच्या कामाला गेले होते.

"एक बारकी हाय," अक्का म्हणाली. "चार महिने झाले, काटा हलत नव्हता तिचा. या टायमाला पहिल्यांदा वजन चढलं. ती नोंद गेली पाह्यजे. मी परत कुठं तोलू तिला?"

माझे डोळे चुरचुरत होते. मी सेटिंग उघडलं. ते उघडेपर्यंत चहा पिऊन झाला. ॲपमधला सगळा डेटा पुसायचं बटण आणि नुसता कचरा काढायचं बटण, दोन्ही शेजारी शेजारी असतात. पहिलं चुकून दाबलं गेलं असतं, तर सगळी वजनं गेली असती. एरवी कारखान्यात मिलिमीटरचे भाग मोजणारा मी, पण त्या दिवशी बोट टेकवायच्या आधी दोनदा वाचत होतो. कचरा काढला. सुप्रभातची चित्रं, कुणाकुणाचे आलेले व्हिडिओ काढले. ॲप उघडलं, पुन्हा पांढरं झालं आणि बंद पडलं.

राहिले फोटो. बरा कॅमेरा असलेला गल्लीतला तो एकच फोन. त्यामुळे बारशी, साखरपुडे, नवी मोटरसायकल, सगळं त्यात होतं.

"हे काढून टाकू?"

"विचारल्याबिगर? लोकांचं हाय ते."

"अगं, त्यांना आठवत पण नसेल."

"मग विचारलं की आठवंल."

गावातले बरेच जण तेव्हा निफाडकडे, रेंजमध्ये होते, त्यांचे फोन लागायचे. अक्काने बायकोच्या फोनवरून एकेकाला लावायला सुरुवात केली. स्पीकर चालू ठेवून.

"मामा, तुमचा बैलासंगचा फोटो पुसू का?"

"कोणता बैल? तो तर इकला ना गं. पुसू नको मंग. तेवढाच राह्यलाय तो."

मग गेल्या वर्षी लग्न झालेली एक सून. "काकू, पुसा ना. पण आधी जाऊबाईंचे पुसा, माझे राहू द्या."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसू येत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि प्रत्येक होकारानंतर एक फोटो पुसत होतो. होकार थोडेच आले. ॲप पुन्हा पांढरं.

सगळ्यात खाली माझे फोटो निघाले. पदवी मिळाली त्या दिवशीचे, नाशिकच्या सभागृहातले. फोन माझा होता, पण फोटो अक्काने काढले होते. कोपऱ्यात कुठे कुठे तिचा अंगठा आलेला. आणि ते खूप होते, कारण एक दाबायचा तर ती दहा दाबायची.

"हे पुसतो," मी म्हणालो. "माझेच आहेत, मी सांगतोय."

"तुझे? काढले कुणी?"

मी तिचा अंगठा आलेला एक फोटो तिच्यापुढे धरला.

"तुझ्याकडं असतील ना दुसरे?"

"नाहीत. मला वाटलं तुझ्याकडे आहेत."

तिने फोन हातात घेतला आणि एकेक फोटो सरकवत राहिली. फोन अडत होता, तीही थांबत होती. मग मी तिला रीतसर विचारलं, "अक्का, पुसू का?"

"त्या बारकीची नोंद जाईल?"

"जाईल असं वाटतं."

"पूस मग. एक ठेव."

तिने निवडलेला फोटो सभागृहाच्या पायरीवरचा. मी वडापाव खातोय, डोळे अर्धे मिटलेले. मी म्हणालो, दुसरा चांगला आहे. तर म्हणे, "बाकी सगळ्यांत तू भाड्याच्या झग्यात हाय."

ॲप उघडलं. नोंदी हळूहळू निघाल्या. अक्का मांडीवर हात ठेवून बघत होती. बारकीची नोंद गेल्यावर ती उठली आणि भांडी घासायला लागली. बायकोने हात धरून तिला थांबवलं.

जे आधीच सुचायला हवं होतं, ते झोपेने जड झालेल्या माझ्या डोक्याला तेव्हा सुचलं. बसला वेळ होता तोवर मी गावातल्या लोकांचे उरलेले फोटो एकेक करून माझ्या फोनमध्ये घेतले. मग तिला स्टँडवर सोडलं. परत येऊन आडवा झालो, पण झोप लागली नाही. पुढच्या सुट्टीत ते फोटो छापून आणले आणि पोस्टाने पाठवले. त्या फोनवर मी आता काहीच पाठवत नाही. सोबत हे पत्र टाकलं:

"अक्का,

सोबत फोटो आहेत. ज्याचा त्याला दे. मामांचा बैलाबरोबरचा मोठा करून घेतला आहे. हातात कागद पडला की फोनमधला पुसू का, ते विचार. हो म्हटलं तरच पूस.

दर शनिवारी कचरा काढायचा. कोणतं बटण, ते चिठ्ठीवर काढून दिलं आहे. त्याच्या शेजारच्या बटणाला हात लावू नकोस.

मी बरा आहे. झोप कमी पडते, एवढंच. त्या दिवशी तुझ्याशी नीट बोललो नाही. तू माझ्यासाठी काय केलंस, ते मला रोज कामावर जाताना आठवतं. समोर असलीस की बोलायला जमत नाही.

बारकीचे आईबाप द्राक्षांवरून आले की लगेच तिला तोल. नोंद झाली की साठू देऊ नकोस, त्याच दिवशी रेंज मिळते त्या टेकडीवर जा. गेली की मला एक मिस कॉल दे. पाळीवर असलो तर उचलणार नाही, पण कळेल.

भाऊ"