कायमाई घाटातला तह

माझ्या लेकीची, इराची वादविवाद स्पर्धा टौरंगाला आहे कळल्यावर मी लगेच जाहीर केलं, सगळेच जाऊ, त्यानिमित्ताने समुद्र बघून होईल. न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनहून दीडेक तासाचा रस्ता. पेट्रोल निघतानाच भरा, आणि कायमाईच्या चढणीवर धुकं असणारच, हे धरून चाला. आम्ही वर पोचेपर्यंत ते विरलं आणि लांबवर चमकणारं पाणी दिसलं. आई, म्हणजे भारतातून आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाई, टाळ्याच वाजवायला लागल्या.

इरा मात्र तिच्या टिपणांत बुडालेली. तिला मांडायचं होतं की अमेरिकेत यादवीआधी गुलामगिरीवरून झालेल्या तडजोडी चुकीच्या होत्या. नकाशावर रेघ ओढून तिच्या वर गुलामगिरी नाही, खाली चालेल, असं खरोखर ठरलं होतं. पुढच्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं आणि बदल्यात पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा कडक झाला.

"पण त्यामुळे वॉर लांबणीवर पडलं ना, ममा. समोरचे हेच म्हणणार. माझ्याकडे आन्सरच नाहीये."

"जेवणाचं काय?" निखिलने, माझ्या नवऱ्याने, विषय बदलला. आईंची संकष्टी होती आणि आम्हाला तर फिश अँड चिप्स हवे होते. बराच खल होऊन ठरलं, गाडीत मासा नाही, गाडीबाहेर चालेल, तोही वाऱ्याची दिशा बघून.

"छान! माझ्यावरून तह झाला, मला विचारलं कुणी?" मागून आई म्हणाल्या. "वासाचं मला काही नाही. मी काय एकटी गाडीत बसून खिचडी खाऊ? मला तुमच्याबरोबर वाळूत बसायचंय."

आम्ही हसत सुटलो. इरा हसली नाही. "आजी, से दॅट अगेन."

टौरंगाजवळच्या माउंट मॉन्गानुई किनाऱ्यावर, वाळूत सगळे एकत्रच जेवलो. शनिवारी पार्किंग चौपाटीमागच्या गल्ल्यांत शोधा, समोर मिळत नाही.

दुपारी शाळेच्या हॉलमध्ये समोरचा मुलगा तेच म्हणाला, तडजोडींमुळे इतकी वर्षं शांतता टिकली. इरा उठली. तिच्या इंग्रजीचा मथितार्थ असा: "कोणाची शांतता? ज्यांच्या पाठीवर चाबूक होता, त्यांच्याविरुद्ध युद्ध रोजच चालू होतं. रेघ ओढणाऱ्यांनी त्यांना विचारलंच नव्हतं."

सगळ्यात मोठ्या टाळ्या आईंच्या.

"आई, निकाल लागायचाय अजून!" निखिल म्हणाला.

"लागू दे. अडखळली का कुठे? नाही ना?"

इराचा संघ जिंकला. परतताना मात्र मला खटकत राहिलं. कुठे आमचा मासा, कुठे माणसांची विक्री. अशी तुलना करावी का? इराला तसं विचारलंही.

"सेम नाहीच आहे, ममा. तुमच्या तहात आजी बोलू शकली."

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आईंचं परतीचं तिकीट पुढे ढकलण्यावर आमचं बोलणं चाललं होतं. निखिल म्हणत होता थंडीआधी, मी म्हणत होते इराच्या परीक्षेनंतर. मधला महिना जवळजवळ पक्का झाला आणि आम्ही दोघंही एकदम थांबलो. आई बागेत कोथिंबीर खुडत होत्या. दार उघडून त्यांनाच विचारलं.

"आधी मला सांगा, इथे बर्फ कुठे पडतो?" त्या म्हणाल्या. "तो बघितल्याशिवाय मी जायची नाही."