कुंकू लावून पाठवलेली जिप्सी

ती जिप्सी आजही आठवते मला. नोकरीत चोरीच्या गाड्या पुष्कळ पकडल्या, पण जप्त गाडीला माणसासारखा निरोप दिलेला मी एकदाच पाहिला.

तेव्हा मी देवरीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळा सरत आला होता, नागझिरा अभयारण्याचं सफारीचं गेट उघडायला थोडेच दिवस उरले होते. हायवेवर पंक्चरचं दुकान असलेल्या आमच्या खबऱ्यानं सांगितलं, "साहेब, जंगलातल्या एका बाईनं जुनी जिप्सी घेतली. मी चाक काढलं तवा पाह्यलं, चेसिसचे आकडे एका ओळीत नाहीत जी."

दोन शिपाई घेऊन गेलो. ही बाई सफारीची गाडी चालवणारी. नवरा वनमजूर, अबोल. अंगणात जिप्सी धुऊन पुसून उभी होती. सीटांवर बाईनं स्वतः शिवलेली हिरवी कव्हरं होती. चेसिस नंबर तपासला. जुना घासून त्यावर नवा ठोकला होता. पंचनामा सुरू केला तशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गाडी कायले नेऊन राहिले साहेब? मी काय चोर आहो का?"

"तुम्ही नाही ताई. पण गाडी चोरीची दिसते."

"अन् गेट उघडलं तं मी काय पायी फिरवू पर्यटक?"

मी पंचनाम्यावर तिची सही घेतली. गाडी ठाण्यात आणली.

दुसऱ्या दिवशी तिचा जबाब घेतला. आधी ती एका लॉजवाल्याची गाडी भाड्यानं चालवायची. "सीट फाटली तरी मालकाले इचारा लागे," म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं, कर्ज काढून नवीच घेऊ. हिचं म्हणणं, जंगलातल्या दगडांवर नवी आपटून हप्ते कायले भरायचे? महिनाभर दोघांचं यावरूनच वाजत होतं. शेवटी हिनं आपलं खरं केलं आणि देवरीच्या एका एजंटाकडून जुनी घेतली. नवरा बाहेर बाकावर बसला होता. 'मी म्हणलं होतं' असं तो एकदाही म्हणाला नाही. संसार केलेल्या माणसालाच यातलं मोठेपण कळेल.

एजंटाला उचललं. गडी पक्का तयारीचा. "साहब, छत्तीसगड की पार्टी आई, गाडी दी, चली गई. मैं तो बीच का आदमी." दिवसभर तेच पालुपद. दम दिला, चहा पाजला, पुन्हा दम दिला, तरी ढिम्म हलला नाही.

मग मी बाईला पुन्हा बोलावलं आणि व्यवहाराचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. लोक पोलिसांना महत्त्वाचं वाटेल तेच सांगतात आणि नेमकं कामाचं गाळतात, हा माझा अनुभव. सांगता सांगता ती म्हणाली, "मालकीण तं रडली जी गाडी जाताना."

"कोणती मालकीण?"

तेव्हा उलगडा झाला. आमच्या भागात बैल विकला की घरची बाई त्याचे पाय धुते, कपाळाला कुंकू लावते, पसाभर धान चारते आणि मगच त्याला दावणीतून सोडते. असं न सोडलेलं जनावर घेणाऱ्याला लाभत नाही, असं मानतात. एजंट गाडी ढाब्यावर देत होता. ही अडून बसली, की गाडीलाही बैलासारखं मालकिणीनं कुंकू लावल्याशिवाय नेणार नाही. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून तो घाबरला आणि तिला आडवाटेच्या एका गावात घेऊन गेला. तिथं एका बाईनं गाडीची चाकं धुतली, बोनटला कुंकू लावलं आणि डोळ्यांना पदर लावला. आमच्या ताईंची खात्री पटली. कागद तिनं वरवर पाहिले, ते डोळे मात्र नीट पाहिले.

तिलाच सोबत घेऊन त्या घरी गेलो. ती बाई निघाली एजंटाची सख्खी बहीण!

"भाऊ म्हणला, गाडी जाऊन राहिली, कुंकू लाव. लावलं जी."

"मग रडल्या काऊन?" ताईनं विचारलं.

"कुंकू लावताना माह्या बैलाची सय आली. मागच्या साली इकला."

माझ्यासोबतचा हवालदार तोंड फिरवून हसत होता. गोठ्यातली तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, उपसली, तर खाली गाडीची मूळ नंबरप्लेट सापडली. बहिणीला जबाबासाठी ठाण्यात आणलेलं पाहिलं आणि एजंटाचा सगळा ताठा गेला. "दीदी को कुछ पता नहीं साहब, मैं सब बताता हूँ," म्हणाला आणि खरंच सगळं सांगितलं.

मूळ मालक आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडकडचे एक म्हातारे गृहस्थ निघाले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांची जिप्सी दारात नुसती उभी असायची, तिथूनच एजंटानं ती उडवली होती. कोर्टाच्या आदेशानं गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायला, घ्यायला ते बायकोसह आले. आमची ताईही आली होती, कव्हरं काढून न्यायला. एकेक नाडी सोडत होती आणि कोणाकडेही बघत नव्हती. उद्या गेट उघडणार होतं.

म्हातारी तिच्याजवळ गेली. "कोणं शिवले बाई हे?"

"मीनंच."

म्हातारीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मला विचारलं, "साहेब, इकता येते का हे गाडी?"

"केस संपेपर्यंत विकता येणार नाही. चालवायला देऊ शकता. कोर्टानं बोलावलं की हजर करायची."

"मंग चालव बाप्पा," तो ताईला म्हणाला. "दारात गंजूनच राहिली होती. केस सरली का तुलेच देईन."

ताईनं सोडलेली नाडी पुन्हा बांधली. मग डोळे पुसून, तेवढ्याच ठसक्यात म्हणाली, "आजी, कुंकू?"

पिशवीतून डबी निघाली. धान कुठून आणायचं? हवालदार मेसमधून मूठभर तांदूळ घेऊन आला. चोराच्या बहिणीनं लावलेलं कुंकू बोनटवर अजून पुसट दिसत होतं. म्हातारीनं त्याच जागी नवं लावलं. आणि ती रडली, तेव्हा मीही टोपी नीट करायच्या निमित्तानं मान वळवली.

निवृत्तीनंतर मला गाडी घ्यायची होती. नवी घ्या, जुनी घ्या, घेऊच नका, भाड्यानं मागवा, असे सल्ले ऐकून कान किटले. शेवटी ओळखीच्या एका मास्तरांची जुनी गाडी घेतली. जुनी गाडी घेताना आधी चेसिस नंबर बघायचा, हे त्या केसनं मला शिकवलं. म्हणून आधी वाकून नंबर जुळवला, कागद तपासले. आणि मग, चावी हातात असताना, दारात उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंना म्हणालो, "वहिनी, कुंकू लावता का?"

त्या हसल्या आणि डबी आणायला आत गेल्या. डबी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी बोनटसमोरून बाजूला झालो.